काळी आई आणि लज्जागौरी



आजच्या व्याख्यानाचा विषय असलेल्या मूर्तीचे नाव भरसभेत घेतले की काही मंडळी चुळबुळतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून प्रारंभी एक लहानशी हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका वस्तुसंग्रहालयात टिपणे घेत उभा होतो. तेवढ्यात शाळेची सहल आली. बरोबरच्या बाई मोठ्या हौशीने एकेका मूर्तीपुढे मुलांना थांबवीत होत्या. हा गणपती, ही महिषासुरमर्दिनी, या सप्तमातृका, असे चालले होते. पुढच्या कोनाड्याशी येताच त्यांचा आवाज खाली गेला आणि 'चला, चला, उशीर होतोय' म्हणत त्यांनी मुलांची ओळ पुढे काढली. ओळीतल्या शेवटच्या मुलीने मागे वळून विचारले, "बाई, या देवीला डोके का नाही?" तिला उत्तर मिळाले नाही.

मला त्या बाईंना दोष द्यावयाचा नाही. त्यांच्या जागी आपल्यापैकी बहुतेकांनी हेच केले असते. परंतु त्या मुलीचा प्रश्न मात्र मनात राहिला. आपण मोठी माणसे त्या मूर्तीत जे पाहतो आणि पाहून नजर वळवतो, ते तिला दिसलेच नव्हते. तिला दिसले ते नेमके महत्त्वाचे होते. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजा.

ही मूर्ती लज्जागौरीची. जिने ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. एक स्त्रीदेह आहे, वस्त्राविना. गळ्यात हार आहे, कमरेला मेखला आहे, पायांत वाळे आहेत. गुडघे दुमडून दोन्ही बाजूंना उघडलेले आहेत आणि तळवे वर वळलेले आहेत. बाळंत होणाऱ्या बाईची जी बैठक असते, तीच ही. दोन्ही हात कोपरात वळून खांद्यांपर्यंत वर आलेले असतात आणि बहुधा प्रत्येक हातात कमळ असते. खांद्यांच्या वर जिथे मुख असावयाचे, तिथे पूर्ण उमललेले कमळ आहे. डोके तुटलेले नाही. मूर्तिकाराने ते घडवलेलेच नाही. चेहरा नाही म्हणून ही अमकी स्त्री, अमकी राणी, अमकी देवी असे म्हणता येत नाही. ती केवळ जन्म देणारा देह आहे.

अशा मूर्ती प्रामुख्याने दख्खनच्या पठारावर सापडतात. आपल्याकडे तेर, भोकरदन, नेवासे, कर्नाटकात बदामी, महाकूट, ऐहोळे, तेलंगणात आलंपूर. गुजरात आणि मध्य प्रदेशातही काही मिळाल्या आहेत. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतल्या मूर्ती लहान, तळहातावर मावतील एवढ्या, मातीच्या किंवा मऊ दगडाच्या आहेत. सहाव्या-सातव्या शतकांत, म्हणजे बदामीच्या चालुक्यांच्या काळात, त्याच मूर्ती मोठ्या दगडात, देवळांच्या आवारात दिसू लागतात. आलंपूरची मूर्ती तर जवळजवळ माणसाच्या आकाराची आहे. त्यानंतरच्या शतकांत त्या विरळ होत जातात.

आता नावाकडे वळू. 'लज्जागौरी' हे नाव कोणत्याही प्राचीन मूर्तीवर कोरलेले नाही. ते लोकांच्या तोंडी आले आहे आणि त्याच्यामागे एक कथा सांगितली जाते. शिवपार्वती एकांतात असता कोणी अवचित आत आले, आणि गौरीने लाजेने तोंड लपवले, ते कमळ झाले. कथा गोड आहे, पण ती मूर्तीच्या मागाहून आलेली आहे. मूर्ती पाहून कोणाला तरी संकोच वाटला आणि त्या संकोचाने स्वतःला समजेल असे स्पष्टीकरण रचले. विद्वानांचीही गत फारशी वेगळी झाली नाही. थोर पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९६० साली या मूर्तींवर एक महत्त्वाचा इंग्रजी लेख लिहिला. त्याच्या मथळ्यातही अवतरणचिन्हांत का होईना, 'निर्लज्ज स्त्री' असे शब्द आले. लोकांनी तिला लज्जा दिली, शास्त्राने तिची लज्जा काढून घेतली. पण मुळात या मूर्तीचा लाजेशी काही संबंध होता काय, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

माझे म्हणणे थोडक्यात असे. ही मूर्ती लाजेतून किंवा विलासातून जन्मलेली नसून काळजीतून जन्मलेली आहे. पेरलेले उगवेल काय आणि जन्मलेले जगेल काय, या त्या दोन काळज्या. दख्खनच्या कोरड्या पठारावर राहणाऱ्या माणसांना त्या दोन वाटत नव्हत्या, एकच वाटत होत्या. ज्यांना ती काळजी उरली नाही, त्यांनी मूर्तीला लज्जा हे नाव दिले. या म्हणण्याला आधार काय, ते आता पाहू.

प्रथम आपल्याला पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी जावे लागेल. तेथे इनामगाव येथे १९६८ ते १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. आपल्या खेड्यांत 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन शब्द आहेत. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा, जिची माती राखेने आणि चुन्याने पांढुरकी झालेली असते. इनामगावची पांढरी इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत नांदती होती. ही माणसे शेतकरी होती, मुख्यतः जव पिकवीत. नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी बांध घातला होता आणि पाट काढला होता. धान्याचे कोठार होते. म्हणजे पाणी आणि धान्य यांची चिंता त्यांनी केवळ देवावर सोपवली नव्हती.

या वस्तीत एका घराच्या जमिनीखाली पुरलेली एक लंबगोल मातीची पेटी मिळाली. तिच्यात एक स्त्रीमूर्ती होती. झाकणावर आणखी एक स्त्रीमूर्ती आणि एक बैल होता. झाकणावरच्या त्या स्त्रीला डोके नव्हते. तिच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीला भोक, अशी योजना की मध्ये काडी घालून ती बैलावर बसवता यावी. सारे कच्च्या मातीचे, न भाजलेले. नांगर ओढणारा बैल आणि बिनडोक्याची स्त्री, दोन्ही ज्या मातीत पेरायचे त्याच मातीची, आणि ती घरातच भुईत ठेवलेली. ही गोष्ट इसवी सनापूर्वी सुमारे १३०० ची, म्हणजे तेरच्या मूर्तींहून हजार-बाराशे वर्षांहून अधिक जुनी.

याच घरांच्या जमिनीखाली दुसरेही काही मिळाले. वारलेल्या लहान मुलांना ही माणसे दोन मडक्यांत ठेवीत. दोन्ही मडक्यांची तोंडे एकमेकांना लावून, आडवी करून ती खड्ड्यात पुरत, आणि तीही बहुधा राहत्या घरातच. इनामगावला सापडलेल्या दफनांत बहुसंख्य मुलांची आहेत. तसेच एक चार पायांचा मोठा रांजण मिळाला, त्यात एक प्रौढ पुरुष हातपाय दुमडून, पोटातले मूल असते तसा बसवलेला होता. यावरून त्यांचा धर्म काय होता हे आपण ठामपणे सांगू शकत नाही. परंतु जी आई आपले तान्हे मूल मडक्यात ठेवून आपल्याच चुलीजवळ पुरत होती, तिला मडके, कूस आणि जमीन या तीन वस्तू एकमेकींपासून फार दूर वाटत नसाव्यात, इतके म्हणण्यास हरकत नाही. मूल पुन्हा कुशीत ठेवावे तसे ते भुईत ठेवले जात होते.

येथे इतिहासकाराने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. इनामगावची बिनडोक्याची मृण्मूर्ती आणि तेरची लज्जागौरी यांच्यामध्ये हजार वर्षांहून मोठा काळ पडतो आणि त्या काळातले दुवे आपल्या हाती नाहीत. एकीपासून दुसरी निघाली असे सरळ रेषेत सांगणे हे हौसेचे काम होईल. पण दोन्ही एकाच प्रकारच्या भूमीवर, एकाच प्रकारच्या जीवनातून निघाल्या, एवढे निश्चित.

आता तेरला येऊ. धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले आजचे हे खेडे म्हणजे सातवाहनकाळातले तगर. ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस' या प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे. येथला माल भडोचला आणि तिथून रोमन जगात जाई. तेरच्या पांढरीतून पावसाळ्यानंतर वर येणाऱ्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी मोठ्या निष्ठेने वेचून जपल्या. त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आज गावातच आहे. साच्यातून काढलेल्या मृण्मूर्ती, मणी, हस्तिदंती कलाकृती यांच्या बरोबरीने त्या परिसरात लज्जागौरीच्या लहान मूर्ती मिळतात. त्यांचा आकारच सांगतो की त्या मोठ्या देवळासाठी घडलेल्या नव्हत्या. त्या घरात, देवघरात, बाळंतिणीच्या उशाशी ठेवता येण्याजोग्या आहेत.

रोमशी व्यापार होता म्हणूनच एक निराळे मत पुढे आले. मिसर आणि आशिया मायनर येथे बाउबो नावाच्या स्त्रीच्या मूर्ती मिळतात. त्यांतल्या काहींत धड नाहीच, पोटावरच चेहरा आहे. तेव्हा आपली ही मूर्ती व्यापाऱ्यांबरोबर समुद्रापलीकडून आली असावी असे काही विद्वानांना वाटले. बाउबोची कथा ऐकण्यासारखी आहे. धान्याची देवता डिमीटर, तिची मुलगी पाताळात नेली गेली. आईने शोक मांडला आणि पृथ्वीवर बी रुजेनासे झाले. तेव्हा बाउबोने आपले वस्त्र वर करून तिला हसवले. म्हणजे तिथेही प्रश्न पिकाचा आणि हरवलेल्या लेकराचाच होता. व्यापाराबरोबर काही आकार इकडेतिकडे झाले असतील, ते नाकारण्याचे कारण नाही. पण पुढे इनामगावची बिनडोक्याची देवी हाती आल्यावर, ही कल्पना सर्वस्वी बाहेरून आली असे म्हणणे कठीण झाले.

दुसरीकडून, स्टेला क्रामरिश या विदुषीने १९५६ साली या मूर्तीचा संबंध ऋग्वेदातल्या अदितीशी जोडला होता. दहाव्या मंडलातल्या बहात्तराव्या सूक्तात देवांच्या जन्माचे वर्णन आहे. तेथे पृथ्वी 'उत्तानपद्' पासून जन्मली असे म्हटले आहे. उत्तान म्हणजे पाठीवर निजलेली, पाय पसरून वर केलेली. अदिती ही देवांची माता, आणि ही बैठक तिची. मूर्तिकारांनी वेद वाचून दगड घडवला असे कोणी म्हणणार नाही. परंतु पृथ्वीचा जन्म एका प्रसवणाऱ्या देहातून झाला ही कल्पना वेदाच्या ऋषीलाही सुचली आणि तेरच्या कुंभारालाही सुचली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कुंभाराचे नाव मी सहज घेतले नाही. १९९२ साली कॅरल रॅडक्लिफ बोलन यांनी या साऱ्या मूर्ती एकत्र करून त्यांचे चार प्रकार लावले. त्यांतल्या एका प्रकारात स्त्रीचे धड नसून कुंभच आहे. कुंभालाच पाय फुटलेले आणि मुखातून कमळ उमललेले. दुसऱ्यात धड आहे, पण हात नाहीत. तिसऱ्यात हात आले, डोक्याच्या जागी कमळ राहिले. चौथ्यात मनुष्याचे मुख आले. म्हणजे या देवीचे सर्वांत साधे रूप पूर्णकुंभाचे आहे. पाण्याने भरलेला घट आणि त्यातून वर आलेले कमळ, हेच तिचे शरीर आणि हेच तिचे मुख. त्या मुलीला आता सांगता येईल की, बाळ, या देवीला डोके नाही असे नाही. जिथून उगवते तेच तिचे मुख आहे.

यापुढचा पुरावा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो एका स्त्रीने स्वतः दिलेला आहे. आंध्रातील नागार्जुनकोंडा येथे इक्ष्वाकू वंशाची राजधानी होती. ते खोरे पुढे नागार्जुनसागर धरणाच्या पाण्याखाली गेले आणि तिथले अवशेष हलवावे लागले. तेथे अशाच एका मूर्तीचा खालचा भाग मिळाला. तिच्यावर प्राकृत लेख आहे. महाराज एहुवल चांतमूल याची पत्नी महादेवी खंडुवुला हिने ती मूर्ती करविली, असे त्यात म्हटले आहे. काळ तिसऱ्या-चौथ्या शतकाचा. राणीने आपल्या नावाला दोन विशेषणे लावली आहेत, 'अविधवा' आणि 'जीवपुत्रा'. जिचा नवरा हयात आहे अशी, आणि जिचे मूल जिवंत आहे अशी.

ही दोन विशेषणे मी किती तरी वेळा वाचली आहेत. राणीने आपले कूळ, आपले दान, आपले वैभव यांपेक्षा आपले मूल जिवंत आहे ही गोष्ट दगडावर कोरून ठेवली. मूल जगणे हीच जिथे मोठी बातमी असते, तिथेच असे शब्द कोरले जातात. इनामगावच्या घराखालची मडकी आणि नागार्जुनकोंड्याचे हे दोन शब्द शेजारी ठेवा म्हणजे लज्जागौरी ही कशाची मूर्ती आहे ते समजेल. ती मागण्याची मूर्ती आहे आणि मिळाल्याबद्दलच्या उतराईची मूर्ती आहे.

राजांच्या बाजूनेही तीच साक्ष मिळते. सातवाहनांचे राजे आईच्या नावाने ओळखले जातात. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी ही नावे आपल्याला शाळेपासून पाठ आहेत. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यातला प्रसिद्ध लेख गौतमी बलश्रीचा आहे. गेलेल्या मुलाचा पराक्रम सांगणारी आई त्यात बोलते आणि त्या लेण्याच्या योगक्षेमासाठी तिचा नातू एक गाव लावून देतो. पुढे बदामीचे चालुक्य आपल्या ताम्रपटांत स्वतःला हारितीपुत्र म्हणवतात आणि सात मातांनी आपल्याला वाढवले असे सांगतात. वेरूळच्या 'रावण की खाई' या लेण्यात या सप्तमातृका ओळीने बसलेल्या आहेत आणि प्रत्येकीजवळ मूल आहे. त्यांना मुख आहे, मुकुट आहे, वाहन आहे. राजसभेत बसवता येईल असे ते मातृत्वाचे रूप. लज्जागौरी त्याच राज्यात, त्याच शिल्पकारांच्या हातून घडत होती, पण तिच्या मूर्तीत मूल नाही. ते अजून यायचे आहे. सप्तमातृका वाढवणाऱ्या आहेत, ही जन्माला घालणारी आहे. म्हणून ती राजसभेपेक्षा पाण्याच्या काठी अधिक आढळते.

ऐहोळ्याजवळ सिद्धनकोळ्ळ नावाची एक घळ आहे. तेथे खडकातून पाणी झरते आणि खडकाच्या आश्रयाला लज्जागौरी आहे. तिची पूजा अजून चालते. मूल हवे असलेल्या बायका तिला कुंकू लावतात. आलंपूरची मूर्ती आता संग्रहालयात असली तरी पूर्वी तिला बायका लोणी आणि कुंकू वाहत. तिथे सांगतात की परशुरामाने रेणुकेचे शिर उडवले, तेव्हा शिराची पूजा एल्लम्मा म्हणून होऊ लागली आणि धडाची भूदेवी म्हणून. आपल्या माहूरला रेणुकेचे केवळ मुखच पुजले जाते, हे या संदर्भात आठवावे. पुराणकथेने बिनडोक्याच्या देहाचे कारण शोधले. पण त्या देहाला नाव दिले ते भूदेवीचे, म्हणजे जमिनीचेच.

हा धागा मराठीत सर्वांत दूरवर नेला तो डॉ. रा. चिं. ढेरे यांनी. त्यांचा 'लज्जागौरी' हा ग्रंथ १९७८ साली प्रसिद्ध झाला. रेणुकेच्या नावातच रेणू आहे, म्हणजे मातीचा कण. वारूळ हे भूमीच्या गर्भाचे रूप. कोकणात आणि गोव्यात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते. कित्येक ठिकाणी देवळाच्या गाभाऱ्यात मूर्ती नसून जमिनीतून वर आलेले वारूळच असते. ढेरे यांनी दाखवले की रेणुका, एल्लम्मा, सातेरी आणि लज्जागौरी यांची नावे निराळी असली तरी त्या एकाच आदिमातेच्या, भूमीच्या, मूर्ती आहेत. त्यांच्या प्रत्येक व्युत्पत्तीशी आपण सहमत असू वा नसू, पण ज्या मूर्तीवरून नजर वळवायची सवय झाली होती तिच्याकडे भक्तीने आणि शास्त्राने कसे पाहावे हे त्यांनी शिकवले.

येथे एक लहान, पण महत्त्वाची गोष्ट सांगतो. वस्तुसंग्रहालयात आपण ही मूर्ती भिंतीला टेकवून उभी करतो. उभी केल्यामुळे ती आपल्यासमोर काही दाखवीत आहे असे वाटते, आणि तिथेच आपला गैरसमज सुरू होतो. अभ्यासकांचे मत असे की, यांतल्या काही मूर्ती जमिनीवर आडव्या ठेवण्यासाठीच घडल्या असाव्यात. ती मूर्ती मनाने आडवी करून पाहा. ती भुईवर पाठ टेकून, आभाळाकडे पाहत निजलेली आहे. वरून पाऊस यावयाचा आहे. आता ती नांगरून ठेवलेल्या शेतासारखी दिसेल.

आपल्या भाषेने हे नाते कधीच तोडलेले नाही. शेतकरी जमिनीला काळी आई म्हणतो. जमीन वाफशावर आल्याशिवाय तो पेरीत नाही, कारण जमिनीलाही तिची वेळ असते हे तो जाणतो. उत्तर कर्नाटकात, म्हणजे बदामी-ऐहोळ्याच्याच मुलखात, आश्विनी पौर्णिमेला शीगी हुण्णिमे साजरी होते. शेत भरात आलेले असते, म्हणून भूमी गर्भार आहे असे मानून तिचे डोहाळे पुरवतात. धाराशिव-लातूरकडे मार्गशीर्षातल्या वेळा अमावास्येला सारे घर शेतात जाऊन काळ्या आईला नैवेद्य दाखवून जेवते. आणि आपण शहरात राहणारे? आश्विन शुद्ध प्रतिपदेला आपणही पत्रावळीवर माती पसरतो, तीत धान्य पेरतो, मध्ये पाण्याने भरलेला घट मांडतो आणि नऊ दिवस अंकुरांची वाट पाहतो. पाणी भरलेला कुंभ, त्याच्या भोवती माती, मातीतून वर येणारे हिरवे कोंब. जिच्यापुढून आपण मुले हाकलून नेतो, तिलाच आपण दर नवरात्रात घरात बसवतो. फक्त आपल्याला ते ठाऊक नसते.

कोणी म्हणेल, हे सर्व खरे, पण मूर्ती प्रसवणाऱ्या स्त्रीची की मीलनोत्सुक स्त्रीची? पोट तर फुगलेले दिसत नाही. आक्षेप योग्य आहे आणि अभ्यासकांतही त्यावर एकमत नाही. माझ्या मते मूर्तिकाराला हा भेद करावयाचाच नव्हता. शेत पेरणीला उघडे असते आणि कापणीलाही तेच शेत असते. बी घेणे आणि पीक देणे या एकाच भूमीच्या दोन वेळा आहेत. त्या दोन्ही वेळा एका बैठकीत आणणे हे या शिल्पाचे सामर्थ्य आहे. पायाची ताणलेली बोटे, वर वळलेले तळवे आणि त्याच वेळी खांद्यावर शांत उमललेले कमळ. वेणा देहाच्या खालच्या भागी आहेत आणि फुलणे वर आहे.

परंतु श्रोतेहो, हे सारे सांगून झाल्यावर केवळ गौरव करून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. स्त्री म्हणजे भूमी, या समीकरणाला एक दुसरी बाजू आहे. जी भाषा जमिनीला आई म्हणते, तीच भाषा न पिकणाऱ्या जमिनीला आणि मूल न झालेल्या बाईला एकच शब्द लावते, वांझ. खंडुवुला राणीला 'अविधवा, जीवपुत्रा' असे कोरवून घेता आले. जिला ते कोरता आले नाही, तिचे काय? जिचा नवरा गेला, जिचे मूल मडक्यात घालून पुरावे लागले, जिला ते झालेच नाही, तिची ओटी कोण भरतो? हळदीकुंकवाला तिला आपण कितीदा बोलावतो? आणि भूमीला आई म्हणणाऱ्या आपण आईच्या नावावर भूमी किती केली? हिंदू वारसा कायदा १९५६ साली झाला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्रात १९९४ साली आला, आणि साऱ्या देशासाठी २००५ साली. सातबाऱ्याचा उतारा पाहिला तर कायदा आणि व्यवहार यांतले अंतर कळते. देहाला भूमी म्हणून पुजणे सोपे असते. त्या देहात राहणाऱ्या माणसाला भूमी देणे अवघड जाते.

मूर्तीला चेहरा नाही, याचा एक अर्थ मी मघाशी सांगितला. ती कोणी एक नाही, सर्व आहे. त्याचाच दुसरा, अधिक कडू अर्थ असाही होतो की, पुजताना आपण देह पाहिला आणि चेहरा पाहिला नाही. हा दोष मूर्तिकाराचा नाही. त्याने चेहऱ्याच्या जागी कमळ ठेवले, ज्याला त्याने सर्वांत सुंदर मानले ते ठेवले. दोष घ्यावयाचा तर पाहणाऱ्यांनी घ्यावा.

इतिहासाचा उपयोग काय, असे आपण नेहमी विचारतो. एक उपयोग असा की, एखाद्या वस्तूवर मागाहून चढलेले थर तो उतरवून दाखवतो. या मूर्तीवरची लाज हा असाच एक थर आहे. तो खरवडून पाहिला तर खाली कोरड्या पठारावर पावसाची वाट पाहणारे शेतकरी आणि पाळण्यातल्या मुलाचा श्वास पुनःपुन्हा तपासणारी आई दिसते. त्यांत लाजण्यासारखे काही नाही. लाज वाटायचीच असेल तर ती आपण विसरलेल्या गोष्टींची वाटावी.

तेरचे संग्रहालय पाहण्याचा योग आला तर मुलांना बरोबर न्या. त्या लहानशा मातीच्या मूर्तीपुढे थोडे थांबा. कोणी विचारलेच, या देवीला डोके का नाही, तर सांगा की ही आपली काळी आई आहे, आणि तिच्या अंगावर आता पीक येणार आहे.